उकंडाजीची चाल

बोरी अरबच्या बौद्धपुऱ्यात धम्मरत्नच्या घरी कोणी गाणं भरायला आलं, की त्याला चहाच्या आधी एक ताकीद मिळायची. माइकात फुंकायचं नाही. आपल्याकडे माइक दिसला की माणसाच्या ओठांचा आपोआप चंबू होतो. सरपंच असो की नवरदेवाचा मामा, आधी फू फू, मग हॅलो हॅलो, आणि मगच विषय. धम्मरत्नच्या अंगावर त्या फुंकरीनं काटा यायचा. "इथं काय चूल पेटवाची हाय?" तो विचारायचा, आणि आलेला माणूस ओशाळून तोंड मिटायचा.

बाजारात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यावर घर चालायचं, रडतखडत का होईना. पण जीव सगळा घराच्या मागच्या खोलीत. तिथं भिंतींना त्यानं जुन्या गाद्या आणि वाकळा ठोकल्या होत्या, खिडकीवर बारदाना शिवला होता, आणि मध्ये एक टेपडेक, एक हातानं जुळवलेला अॅम्प्लिफायर आणि त्याचे माइक. गाद्यांमधल्या जुन्या कापसाचा वास त्या खोलीत कायम असायचा. उन्हाळ्यात तिथं पंखा चालवायची सोय नव्हती, कारण पंखा गाण्यात यायचा. गाणारा घामानं निथळत बाहेर पडायचा आणि धम्मरत्न त्याला म्हणायचा, "आवाज मोकळा झाला पाहा."

माइकांवर त्याच्याशी बोलायला बसलं की माणूस उठायचा नाही, म्हणजे त्याला उठू दिलं जायचं नाही. एक होता मंडपवाल्यांकडचा, लोखंडी जाळीचा. स्वस्त आणि दणकट. खाटेवरून पडला तर खाट मोडेल, याला काही व्हायचं नाही. कव्वालीला, भाषणाला, मोठ्या छातीच्या गड्याला हाच. दुसरा सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेला चिनी, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याला इतकं बारीक ऐकू यायचं, की गाण्यात शेजारच्या धर्मपालची बकरीही यायची. बकरी सुरात असली तर धम्मरत्न राहू द्यायचा. कमी पैशात चांगलं काय, असं कोणी विचारलं तर तो या दोघांचीच नावं घ्यायचा. तिसऱ्याचं नाव तो फार कोणाजवळ काढत नसे.

तिसरा म्हणजे म्हातारा. नागपुरात इतवारीतल्या कबाड्याकडे तो सापडला होता. कबाड्याला ते कोणत्या यंत्राचं काय आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून त्यानं वजनावर दिला. मक्याच्या कणसाएवढा, जड, पुढून आणि मागून जाळी, आणि आत लोहचुंबकाच्या दोन तुकड्यांमध्ये टांगलेली अॅल्युमिनियमची एक पट्टी, मिठाईवरच्या वर्खाइतकी पातळ. एका फुंकरीत फाटली असती. फुंकरीच्या ताकिदीचं कारण हे. म्हाताऱ्याला तो कानटोपीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत उभा ठेवायचा. आडवा ठेवला की पट्टी लोंबते म्हणे. शीला, त्याची बायको, म्हणायची, "माह्या सासऱ्याची एवढी बडदास्त नव्हती या घरात."

पण म्हाताऱ्याचं काम वेगळं होतं. बाकीच्या माइकांत आवाजाच्या कडा टोचायच्या. स आणि श कानात सुईसारखे जायचे. म्हाताऱ्यात आवाज मऊ यायचा. गाणारा आपल्याच खाटेवर टेकून आपल्याशीच बोलतोय असं वाटायचं. खोटं बोलणारा माणूससुद्धा त्यात खरा वाटला असता. खोड एकच. तो बोलायचा फार हळू, आणि त्याचा आवाज चढवायला जावं तर मागून घुंऽऽ करत विजेचा हम यायचा. तो हम घालवायला धम्मरत्ननं काय काय केलं ते सांगत बसलं तर ही गोष्ट बाजूलाच राहील.

गोष्ट आहे शीलाच्या बापाच्या गाण्याची.

शीलाचा बाप उकंडाजी गायन पार्टीचा मुख्य होता. दारव्हा, दिग्रस, नेर, कुठंही जयंती असो, पंचशीलाचा झेंडा दिसला की त्याची पार्टी तिथं पोचायची. दिवसा लोकांच्या शेतात वखर हाकायचा आणि सांजेला पेटीवर बसायचा. बाकी पार्ट्यांसारखीच त्याची गाणीही सिनेमाच्या चालीवर होती. त्यात कोणी काही वावगं मानत नसे. चाल लोकांच्या ओठावर आधीच असली की शब्द लवकर डोक्यात जातात, हे त्या धंद्याचं साधं गणित. पण एक गाणं त्यानं स्वतःच्या चालीवर बांधलं होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला त्याची माय त्याला कडेवर घेऊन, पांढरं लुगडं नेसून, पायी निघाली होती, त्याचं गाणं.

पांढरं लुगडं नेसून माय, चालली नागपुरा वं,
मागं वळून पाह्यलं नाही, पुढं उजेड सारा वं.

आणि त्यापुढं पाच कडवी. वाट, नदी, नागपूरचं मैदान, परतीचं गाव, आणि शेवटच्या कडव्यात ती माय स्वतः लेकराशी बोलते. ते कडवं आलं की मांडवातल्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. आपली आई सगळ्यांनाच त्यात दिसायची.

हे गाणं उकंडाजीनं कागदावर कधी उतरवलं नाही. त्याचं एक गाणं पूर्वी दुसऱ्या एका पार्टीनं उचललं होतं आणि शेवटच्या ओळीत स्वतःच्या मुख्याचं नाव घालून गावोगाव म्हटलं होतं. तेव्हापासून तो दुधानं पोळलेला. "कागदावर उतरलं का गानं दुसऱ्याच्या पेटीत गेलं समजा," म्हणायचा. पार्टीतले झीलकरी फक्त धृपद धरायचे. कडवी त्याची एकट्याची. शीला मोठी झाली तसं तिला तोंडी शिकवलं, चुलीपुढं बसवून, एकेक ओळ घोटून. बायको कांताबाई भाकरी थापता थापता ऐकायची.

धम्मरत्न जावई झाला तेव्हा त्यानं पहिली विनंती केली ती हीच, की मामाजी, एकदा भरून घेऊ. उकंडाजीची छाती तोवर भात्यासारखी झाली होती, दोन ओळींत दम लागायचा. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आता मी गाईन तं लोक खोकलाच आयकतीन. माहं राहू द्या जवाई. माह्या मागून पोरगी गाईन, तवा भरा. पन चांगलं भरा. कडव्यातला एक शब्द इकडचा तिकडं नाई झाला पाह्यजे." पुढच्या थंडीत तो गेला.

चांगलं भरा, एवढंच धम्मरत्नच्या डोक्यात राहिलं. शीला म्हणायची, आज भरू. तो म्हणायचा, हम जाऊ दे. तिनं म्हणावं, चिन्यावर भरा. तो म्हणायचा, बकरी येईन. मंडपवाल्यावर? त्याच्यात तुह्या आवाजाचा पत्रा होते. असं करता करता वर्षं गेली. मधल्या काळात दीपा झाली. आळशीपणा म्हणावा तर तो रोज त्या खोलीत घाम गाळत होता. पण असतात काही माणसं अशी. घोडं सजवता सजवता वरात निघून जाते यांची. शीला त्याला तसं म्हणायचीसुद्धा. तो हसायचा.

आणि मग एका उन्हाळ्यात, पेरणीला थोडे दिवस उरले असताना, हम गेला. एका मोडक्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर सोडवून त्यानं स्वतः तार गुंडाळली होती. सकाळची वेळ, विजेची लाइन होती, म्हातारा उभा केला होता. शीलाला समोर उभं करून तो म्हणाला, "काही बी म्हन." शीला शब्दांशिवाय नुसती चाल गुणगुणली. बापाचीच. धम्मरत्ननं कानाला हेडफोन लावला होता. त्याचे डोळे भरून आले. मागं काहीच नव्हतं. नुसती शीला होती.

"बाई, हे चाल कोनाची वं?" दारातून आवाज आला.

दारात उत्तमसिंग उभा होता. पलीकडच्या तांड्यावरचा, बाजारात त्याचं बी-खताचं कृषी केंद्र. सरळ माणूस, मापात खोट नाही, बोलण्यात नाही. त्याच्याकडे यंदा एका कंपनीचं नवं कपाशीचं बियाणं आलं होतं, शुभ्रा नावाचं. कंपनीची जीप दुसऱ्या दिवशी निघणार होती, भोंगा लावून, गावोगाव. कंपनीनं दिलेल्या कॅसेटमध्ये शहरातली कोणी बाई हिंदीतून किसान भाइयो म्हणत होती. "थे आयकून आपले लोक मान बी वर नाई करत," उत्तमसिंग म्हणाला. "आपल्या बोलीतलं पाह्यजे, कंपनी पैसे देते. अन् चाल अशी पाह्यजे का मानूस हातातलं काम सोडून आयकन. आत्ताची जे होती, तशी."

"थे माह्या बाचं गानं हाय," शीला म्हणाली.

उत्तमसिंगनं लगेच हात जोडले. "मंग राहू दे बाई. मले मालूम नव्हतं."

विषय तिथंच संपला असता. पण धम्मरत्नच्या कानात अजून तो आवाज होता. इतक्या वर्षांनी म्हातारा बोलला होता, आणि तो आवाज जीपवरून, भोंग्यातून, सगळ्या तालुक्यात जाणार या विचारानं त्याला चढल्यासारखं झालं. "अवो, चाल कोनाच्या बापाची असते काय?" तो म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात यायला क्षण लागला, आणि ध्यानात आल्यावर माघार घेण्याऐवजी तो आणखी पुढं गेला, जसं माणूस जातो. "म्हंजे, मामाजीनंच नाई काय सिनेमाच्या चाली घेतल्या? कोनाले इचारलं त्याईनं? चाल म्हंजे रस्त्यावरचं झाड. ज्याले सावली पाह्यजे थो बसते. शब्द तं आपलेच राह्यतीन ना. या पैशात आवाजाचा मिक्सर येईन, अन् दसऱ्याले मामाजीचं गानं भरू. असं भरू का नागपूरवाले इचारतीन कुठं भरलं म्हनून."

शीला म्हाताऱ्याच्या जाळीकडे पाहत होती. "एकाच हंगामाचं हाय ना?" तिनं विचारलं.

"एकाच."

शब्द धम्मरत्ननंच जुळवले. शीलाला नवं पाठ करायला वेळ नव्हता आणि लाइन दुपारी जाणार होती, म्हणून त्यानं एक शक्कल काढली, आणि त्या शक्कलीचा त्याला तेव्हा फार अभिमान वाटला. प्रत्येक कडव्याची सुरुवात त्यानं उकंडाजीचीच ठेवली. शीला सवयीनं सुरू करेल, आणि पुढचा तुकडा तेवढा नवा.

पांढरं सोनं पिकवा दादा, शुभ्रा आणा घरा हो,
मागं वळून पाहू नका, पुढं उजेड सारा हो.

अडाण नदीच्या पाण्यात मायनं जुने देव सोडले होते. आता अडाण नदीच्या काठानं शुभ्राची बोंडं फुटली. नागपूरच्या मैदानात माणसांचा समुद्र होता. तिथं आता कापसाच्या गाड्यांची रांग लागली. बोंडअळी फिरकणार नाही, फवारणीचा ताप नाही. शीलानं एका दमात म्हटलं. उत्तमसिंग भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बाई, तुह्या तोंडून आयकलं तं मलेच पेरावं वाटून राह्यलं." आणि त्यानं पेरलंही. तांड्यावरचं आपलं सगळं वावर त्यानं शुभ्रानं भरलं. ही गोष्ट त्याच्याबद्दल बोलताना लोक विसरतात.

जीप निघाली. तो हंगाम ज्यांना आठवतो त्यांना ती चालही आठवते. कळंबच्या बाजारात, दारव्ह्याच्या स्टँडवर, नेरच्या रस्त्यावर, कुठंही जावं तर शीला म्हणत होती, पुढं उजेड सारा. निंदणाच्या बाया ओळीत वाकून तेच म्हणायच्या. शाळेतली पोरं प्रार्थनेच्या आधी तेच म्हणायची. धम्मरत्न मुद्दाम बसस्टँडवर चहाला जायचा आणि भोंगा लांबून येताना ऐकायचा. एवढ्या फाटक्या भोंग्यातूनसुद्धा म्हाताऱ्याचा मऊपणा कळत होता, निदान त्याला तरी. लोक ओळखायचे, पाठ थोपटायचे. अशी कौतुकं पोट भरत नाहीत, पण भूक विसरायला लावतात.

कांताबाईचं गावाबाहेर थोडं वावर होतं. ती दरवर्षी घरचं जुनं बी लावायची. त्या वर्षी तिच्या दारावरून जीप गेली तशी ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून भोंगा पार दिसेनासा होईपर्यंत ऐकत राहिली, आणि शेजारणींना म्हणाली, "माह्या पोरीचा आवाज हाय. थे कायले खोटं बोलन?" तिनं शुभ्रा आणलं. गल्लीतल्या बायांनी तिच्या शब्दावर आणलं.

पुढचं सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. कपाशीची पऱ्हाटी उंच झाली, हिरवीगार झाली, पाहणाऱ्याची नजर लागावी अशी. मग कळ्यांच्या पात्या गळायला लागल्या. जी बोंडं धरली त्यात अळी होती. फवारणी नको म्हटलेल्या शेतांत लोक पाठीवर पंप घेऊन फिरले आणि काही उपयोग झाला नाही. दसऱ्याला जिथं वेचणीची गडबड असते तिथं बाया बांधावर नुसत्या बसलेल्या होत्या. कंपनीचा फोन लागेना. उत्तमसिंगनं दुकानाचं शटर ओढलं आणि तांड्यावर जाऊन पडला. लोक जाब विचारायला गेले तर त्यानं त्यांना स्वतःचं वावर दाखवलं, आणि लोक परत आले. त्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतून ज्या बातम्या यायच्या त्या इथं मांडत नाही. त्या ऐकून जेवण खाली उतरत नसे.

कांताबाई जावयाला एका शब्दानं बोलली नाही. पऱ्हाट्या उपटून तिनं सरपणाला रचल्या. बोलली असती तर बरं झालं असतं. गाणं भरायचा विषय त्या दसऱ्याला कोणी काढला नाही. मिक्सर आला होता, तो खोक्यातच राहिला.

मग एप्रिल आला, जयंती आली. उकंडाजी गेल्यापासून रिवाज पडला होता, की पार्टीच्या कार्यक्रमाचा शेवट शीलानं बापाच्या गाण्यानं करायचा. त्या संध्याकाळीही ती पांढरी साडी नेसून उभी राहिली. पेटीवर राजदीप होता, उकंडाजीच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं चालीचा पहिला तुकडा वाजवला.

"आली रे, शुभ्रा आली!" मागून कोणीतरी ओरडलं.

मांडव हसला. वाईट बुद्धीनं नाही. हंगाम बुडालेली माणसं होती, त्यांना हसायला काहीतरी हवं होतं, आणि एकदा हसू फुटल्यावर ते आवरेना. शीलानं डोळे मिटून सुरू केलं. पांढरं लुगडं नेसून माय. हसणं विरलं. ती पुढं उजेड साराला आली तशी पहिल्या रांगेतली एक बाई उठली. त्याच हिवाळ्यात तिच्या घरचा माणूस गेला होता. तिनं नातीचा हात धरला आणि कोणाकडे न पाहता मांडवाबाहेर चालू लागली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. कांताबाई पुढंच बसली होती. तिनं मान खाली घातली.

शीला थांबली. राजदीपनं घाईनं दुसरी चाल धरली, दुसरं गाणं सुरू झालं, कार्यक्रम पार पडला. धम्मरत्न त्या सगळ्या वेळात माइकच्या वायरी धरून मंचाखाली बसला होता. आपण बाहेर कसं निघावं हेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीला मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. "आता भरा," ती म्हणाली.

"आज? आवाज बसला हाय तुहा."

"बसू द्या. लोकायसाठी नाई भरून राह्यले. दीपासाठी भरा. तिले तरी तिच्या आज्याचं गानं मालूम राह्यलं पाह्यजे."

त्यानं कोठीतून म्हातारा काढला. शीला समोर उभी राहिली. धृपद झालं, पहिलं कडवं झालं. कडेवर लेकरू, डोईवर भाकर, पाय पोळले वाटेत. धम्मरत्नच्या जिवात जीव आला. आवाज थोडा घोगरा होता, पण त्यामुळं गाणं उलट खरं वाटत होतं.

मग नदीचं कडवं आलं. अडाण नदीच्या, ती म्हणाली, काठानं दादा, आणि थांबली.

"परत," तो म्हणाला.

अडाण नदीच्या. पुन्हा काठानंच आलं. तिनं पाणी प्यायलं, डोळे मिटले. "पाण्यात मायनं, जुने देव," ती शब्द शब्द बोलून पाहू लागली, "जुने देव सोडले, अन् पुढं... पुढं त्याच्यात काय हाय जी?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हे गाणं शंभरदा ऐकलं होतं, पण तो आवाज ऐकायचा. शब्द त्याच्या कानावरून गेले होते. आणि आता आठवायला गेलं, की त्यालाही आपलेच शब्द ऐकू येत होते.

तिनं ते कडवं सोडलं, पुढचं धरलं. मैदानाचं पहिलं चरण आलं, त्यामागं कापसाच्या गाड्या आल्या. परतीच्या गावाचंही तेच झालं. शेवटचं, मायचं बोलणं, त्याची सुरुवात आली, आणि त्यामागून शुभ्राच्या पाकिटावरचा मजकूर आला. वर्षभर तिनं बापाचं गाणं एकदाही पुरतं म्हटलं नव्हतं, आणि दुसरं तिच्याच आवाजात हंगामभर रोज कानावर पडलं होतं. "राजदीपले इचारू," धम्मरत्न म्हणाला. राजदीपला चाल येत होती, धृपद येत होतं. जुने झीलकरी एकतर गेले होते, नाहीतर त्यांनाही धृपदच येत होतं. उकंडाजीनं कोणाला चोरू दिलं नव्हतं.

"मायले येत असन," शीला म्हणाली.

कांताबाई बौद्धपुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घराच्या ओसरीत होती. दीपाला झोळीत टाकून एका हातानं दोरी ओढत होती, दुसऱ्या हातानं सुपातली तूर निवडत होती. शीला तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. धम्मरत्न दाराशी उभा राहिला.

"मी कवा गायली वं मांडवात?" कांताबाई म्हणाली. "पन आयकलं तं हाय. तुले शिकवे तवा रोजच आयको. थांब, चाल धरली का येईन."

तिनं डोळे मिटले, झोळीच्या लयीत चाल धरली. म्हाताऱ्या गळ्यातून, पण एकदम सुरात. अडाण नदीच्या पाण्यात मायनं, ती म्हणाली, आणि शीलानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढचा शब्द कांताबाईच्या ओठावर आला, गेला, आणि मग ती सहज, अजिबात न अडखळता, गात सुटली. अळी फिरकणार नाही, बोंडं फुटतील, शुभ्रा आणा घरा हो. पार शेवटपर्यंत. झोळीतली दीपा शांत झाली होती.

गाणं संपल्यावर कांताबाईनं डोळे उघडले. लेकीचं तोंड पाहिलं. "हे थे जीपवालं झालं काय वं?" तिनं विचारलं.

शीलानं मान डोलावली.

कांताबाईनं झोळीची दोरी सोडली. ती म्हणाली, "मी हेच म्हनून निजवतो तिले रोज. मले वाटे तुह्या बाचं हाय." आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. नवरा गेला तेव्हासुद्धा ती चारचौघांत अशी रडली नव्हती.

धम्मरत्नला ते पाहवेना. आपल्याला काहीतरी केलं पाहिजे, या क्षणी, एवढंच त्याला कळत होतं. तो पुढं येऊन उकिडवा बसला. "शीला," तो म्हणाला, "धृपद हाय, एक कडवं हाय. बाकीचं मी जुळवतो. मतलब तं मालूम हाय आपल्याले, नदी, मैदान, सारं. मामाजीच्याच शब्दावानी लेहतो. कोनाले फरक बी समजनार नाई."

शीलानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती चिडेल, ओरडेल, आणि ती ओरडली असती तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. ती अगदी हळू बोलली.

"तुमी नका लेहू. तुमी लेह्यलेलं लोकायच्या ध्यानात राह्यते."

तिनं झोळीतून दीपाला उचलून खांद्यावर घेतलं आणि मायच्या घरात आत गेली.